आधी पुसा, मग रंगवा

ऑफिसात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. औषधांशी त्याचा संबंध खोकल्यापुरताच; पण मोबाईलवरचं कुठलंही अ‍ॅप आजारी पडलं की नाडी बघायला त्यालाच बोलावत. गेल्या वर्षी धाकटी आली, सगळ्यांत लहान म्हणून हे नाव. तिला त्यानंच हाताला धरून काम शिकवलं, आणि तिथंच फसला. हल्ली मॅनेजर आधी तिच्या टेबलापाशी थांबत. टीमच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होती, आणि ती या शेंडेफळाला मिळणार या विचारानं डॉक्टरच्या पोटात दुखत होतं. बायको म्हणाली, तुमचीच विद्यार्थिनी ना, कौतुक करा. तेवढं सोडून त्यानं बाकी सगळं केलं.

अशात एका गोदामाची तक्रार आली. तिथली माणसं हातातल्या छोट्या यंत्रावर मालाची यादी बघत. खोकं तपासलं की त्या ओळीवर बोट ठेवायचं, ओळ पिवळी होई. पण यादी खाली सरकवली की न तपासलेल्या ओळीही पिवळ्या दिसत, आणि ती खोकी तशीच राहून जात. मॅनेजरनी काम दिलं धाकटीला.

डॉक्टरनं जाता जाता तिच्या पडद्याकडे पाहिलं आणि रोग ओळखला. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ अ‍ॅप टाकून देत नाही. नवं नाव घालून तीच खालून परत आणतं. आधीचा रंग पुसायचं राहिलं होतं. हे त्यानं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणत त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. ती भलतीकडेच शोधत राहिली. शेवटी त्याच्याकडे आली, एकदा बघता का म्हणाली. त्यानं वेळ नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्याला मशीनचा चहासुद्धा गोड लागला.

दोन दिवसांनी गोदामाचा मुकादम यंत्र घेऊन आला. सगळ्यांसमोर यादी वरखाली सरकवली. बोट लावलेल्याच ओळी पिवळ्या. मॅनेजरनी धाकटीला शाबासकी दिली आणि डॉक्टरचा नुसता जळफळाट झाला.

"शाबासकी सरांना द्या," ती मनापासून म्हणाली. "आधी पुसा, मग रंगवा, हे त्यांनीच शिकवलं होतं. मला आज सकाळी बसमध्ये आठवलं."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. कित्येक महिन्यांनी वळल्या होत्या. त्याला राहवेना.

"मी तर बघताक्षणीच ओळखलं होतं," तो म्हणाला.

मुकादमानं यंत्रावरून डोळे वर उचलले. दोन दिवस त्याची माणसं खोटा पिवळा रंग बघून खोकी सोडत होती.

"पण सर," धाकटी हळूच म्हणाली, "मी विचारायला आले होते ना?"

डॉक्टरनं पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता. खुर्चीचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. काढायची गरजच उरली नव्हती.