बर्फाच्या ग्रहावरची गच्ची

तरुणपणी मी विज्ञानकथा लिहायचे, निदान माझा तसा समज होता. भवानी पेठेतल्या आमच्या घरात मे महिन्यात पंख्याची हवासुद्धा भाजायची, आणि ही बया स्वयंपाकघरात बसून बर्फाचा ग्रह रचत होती. बर्फ पाहिलेला फक्त रसवंतीतला, पण ऐट अशी, की भाजी करपली तरी जागची हलायची नाही. कथा दिवाळी अंकात छापून यावी, एवढ्यासाठीच तेव्हा जीव अडकला होता.

पाठवण्याआधी ती जाऊबाईंना वाचून दाखवली. जेवणं उरकून ग्रहवासी अंथरुणं घेऊन गच्चीवर निघाले, तशा त्या म्हणाल्या, "बर्फात गच्चीवर? सकाळी कडक झालेली घावतील की सगळी."

"मग उन्हाळ्यात झोपायचं कुठं त्यांनी?" मी म्हणाले.

"तितं उन्हाळा हाय व्हय?"

अक्कल असती तर मी गच्ची खोडली असती. मी प्रत्येकाला एकेक सोलापुरी चादर दिली आणि कथा पाठवून मोकळी झाले.

कथा छापून आली. मी न वाचताच पेठभर पेढे वाटले. मग जाऊबाईंनी अंक चाळला आणि पान माझ्यापुढं धरलं. कथा विनोदी विभागात होती.