जठारपेठेतला जपानी मार

मागच्या मे महिन्यात अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. माझी बायको मला मारते. रोज दुपारी अडीच ते साडेतीन. रविवारी सुट्टी.

(आमच्या बिल्डिंगचं त्याआधी कशावरच एकमत झालं नव्हतं. पाण्याची टाकी कधी धुवायची यावरसुद्धा नाही!)

मी अकोल्यात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गेली सव्वीस वर्षं माझं काम एकच, 'हळू बोला' असं म्हणायचं आणि तेही हळू म्हणायचं. माझी बायको वैशाली बार्शीटाकळीच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिच्या शाळेत माइक आहे, पण तिच्या हातात तो दिला की मागच्या ओळीतली पोरं कान झाकतात. म्हणजे आमच्या घरातला सगळा आवाज वाटणी न होता तिच्याकडेच जमा झालेला. अशा घरातून पुरुषाच्या किंकाळ्या यायला लागल्या तर लोकांनी दुसरा काय अर्थ काढावा?

सुरुवात आमच्या मुलीने केली. सायली अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि कॉलेज सांभाळून जपानी भाषाही शिकते. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, आमचा प्रोजेक्ट ठरला. मारामारीचा गेम. जुन्या मशीनवर असायचा ना, तसा. तुम्ही लहानपणी खेळायचे ना?"

खेळायचो? अगं, दहावीला मला जे गुण पडले ते पाहून तुझे आजोबा आधी त्या गेमवाल्याकडेच भांडायला गेले होते!

आमच्या वेळी अकोल्यात बसस्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मशीनच्या आत दोन पैलवान एकमेकांना तुडवत आणि तुडवताना जपानीत ओरडत. आम्हाला जपानी कुठून येणार? पण कान वऱ्हाडी, त्यामुळे आम्हाला सगळं वऱ्हाडीतच ऐकू यायचं. एक लुकडा गडी लाथ घालायच्या आधी "इकुझो!" म्हणायचा, ते आम्ही "इकून जो!" असं ऐकायचो. लाथ घालायच्या आधी बाजूला व्हायला सांगतो, म्हणजे गडी सज्जन आहे, असं आमचं मत होतं. दुसरा एक आडदांड पैलवान पडला की "ताते! ताते!" असं ओरडायचा. तो अडचणीत आला की तात्याला हाका मारतो, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

"बाबा, 'इकुझो' म्हणजे 'चला, सुरू करू'," सायली फोनवर हसत सुटली. "आणि 'ताते' म्हणजे 'ऊठ'. आमच्या जपानीच्या मॅडम सांगत होत्या, तेव्हाच्या मशीनमध्ये आवाजाला जागाच नसायची. एकेक कलाकार एका बैठकीत चार-चार जणांचे आवाज द्यायचा. मग ते आवाज दाबून दाबून मशीनमध्ये भरायचे, म्हणून ते असे फाटके यायचे. मला तसाच फाटका आवाज पाहिजे."

"मग?"

"तुमचा मस्त फाटका आहे, बाबा."

पोटच्या मुलीने एवढी स्तुती केल्यावर बाप काय करणार? मी हो म्हणालो.

माझं पात्र होतं एक म्हातारा जपानी पैलवान. सारखा मार खातो, पडतो, "ताते!" असं स्वतःलाच ओरडून सांगतो आणि पुन्हा उभा राहतो. सायलीने यादी पाठवली. हलका ठोसा, दहा प्रकारे. जोराचा ठोसा, दहा प्रकारे. पोटात लाथ, सहा. पाठीवर पडणे, चार. आगीत होरपळणे, दोन. कड्यावरून कोसळणे, एक, पण लांब. खाली टीप होती: 'कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करा. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. कूलर बंद ठेवा.'

अकोला. मे महिना. दुपारचे अडीच. कूलर बंद!

मला उन्हाळ्याची सुट्टी होती; वैशालीला मात्र शाळेच्या कामासाठी रोज सकाळी जावं लागायचं. घरी आली की ती मागच्या खोलीत मोठा कूलर लावून झोपायची. तो कूलर सुरू असला की शेजारून विमान गेलं तरी कळत नाही. मी पुढच्या खोलीचं दार लावायचो, बनियनवर यायचो, तिच्या साड्यांच्या लोखंडी कपाटात मान घालायचो आणि मार खायला लागायचो.

"उंफ! आक्! ताते! आऽऽऽक्! ताते! ताते!"

तिला मी हे सांगितलं नव्हतं. एकतर ती हसली असती. दुसरं म्हणजे, साड्यांवर घाम पडला म्हणून तिने मला खरंच मारलं असतं.

तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात तात्या! खालच्या मजल्यावर राहणारे, पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. यांचं नाव काय ते बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नाही, सगळे तात्याच म्हणतात. हातात काठी, पायात एकच चप्पल.

"सर, तुमी हाका मारल्या. मी आलो!"

आता माझा अवतार बघा. अंगभर घाम, तोंड लाल, घसा बसलेला. आणि "कड्यावरून कोसळणे"च्या वेळी मी भूमिकेत फार शिरलो होतो, त्यामुळे कपाटाच्या कप्प्यावर आपटून कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

तात्यांनी टेंगूळ बघितलं. मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं. आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम कुठं हायेत?"

"झोपल्या."

"हां. थकल्या असतीन."

मला काहीच कळलं नाही. मी म्हणालो, "तसं काही नाही तात्या, मी कपाटावर आपटलो."

तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तीस वर्षं नोकरी केली सर. सगळे कपाटावरच आपटतात."

खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण कॉलेजचा ग्रंथपाल, वय वर्षे अठ्ठेचाळीस, तो भर उन्हात बायकोच्या साड्यांमध्ये डोकं खुपसून जपानी पैलवान होतो, हे सांगायला जीभ वळेना. मी नुसता हसलो. कसनुसा. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं!

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या बायकोने, म्हणजे खालच्या काकूंनी, माझ्यासाठी वाटीभर शिरा पाठवला. 'फक्त सरांसाठी' अशा निरोपासह. वरच्या मजल्यावरचे वकील भेटले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पुरुषालेही कायदा असते सर. मी हाय." समोरच्या वहिनींनी मला हळदीचा लेप दिला. सव्वीस वर्षांत मला बिल्डिंगमध्ये कुणी नीट ओळखत नव्हतं ("ते मॅडमचे मिस्टर" एवढीच ओळख!), आणि आता जिन्यात लोक माझ्यासाठी बाजूला सरकत होते.

आणि मी कबूल करतो, शिरा मी खाल्ला. चार दिवस खाल्ला. लोकांचा काहीतरी गैरसमज झालाय, हे मला दुसऱ्या वाटीपर्यंत कळलं होतं. काय झालाय, हे तिसऱ्या वाटीला कळलं. चौथी वाटी मी पूर्ण शुद्धीवर असताना खाल्ली.

इकडे वैशालीशी बायका बोलेनात. पाणी भरायला गेली की गप्पा थांबत. तिच्याकडे शिकवणीला येणारी समोरच्या वहिनींची मुलगी यायची बंद झाली. एका संध्याकाळी वैशाली भाजी निवडता निवडता थांबली.

"माझं काही चुकलं का हो? खालच्या काकू आज माझ्याकडे अशा पाहत होत्या, जशी मी कुणाचा खून केला."

तिचा आवाज त्या दिवशी अगदी लहान झाला होता. तो ऐकून मात्र मला शिऱ्याची लाज वाटली. आता सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि दाराची बेल वाजली.

दारात माझे सासरे आणि मेहुणा दिलीप! अमरावतीहून, न कळवता. त्यांच्या मागे तात्या. तात्यांची बहीण नेमकी माझ्या सासुरवाडीच्या गल्लीत राहते, हे मला त्या दिवशी कळलं.

"जय भीम बाबा! अचानक?" वैशाली आनंदाने पुढे झाली.

सासरे खुर्चीत बसले. पाणी घेतलं नाही. "बाई," ते म्हणाले, "तुले शिकवलं, मोठं केलं. मानूस चुकते, मान्य हाय. पण जावयाले हात लावाचा?"

"कोणी?"

"तू."

"कोणाले?"

"याईले!" दिलीपने माझ्याकडे बोट केलं. "रोज! अडीच वाजता! सगळ्या अकोल्याले मालूम हाय!"

वैशालीने माझ्याकडे वळून पाहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी शांतता कधी राखली नव्हती.

मग मी सगळं सांगितलं. गेम, पैलवान, कपाट, ताते. सांगताना ते मला स्वतःलाच खोटं वाटत होतं. तात्यांनी मान हलवली. "पाहा, बिचारा अजून तिलेच वाचवून राह्यला."

"अहो, खरंच सांगतोय! करून दाखवतो!"

मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो. पोटात लाथ, प्रकार चौथा. सासरे, मेहुणा, हवालदार समोर आणि दारात जमलेली अर्धी बिल्डिंग. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि "कुं" असा आवाज आला. कुत्र्याच्या पिल्लाचा असतो तसा.

"हा नाही तो आवाज," वकील म्हणाले.

"थांबा, पुन्हा..." मी मागे सरकलो आणि वैशालीने रागाने पुढे टाकलेल्या पायाखाली माझा अंगठा नेमका सापडला.

"आऽऽऽक्!"

"हाच!" तात्या उठून उभे राहिले. "हाच आवाज! सगळ्यायच्या समोर मारलं!"

एकच गोंधळ. दिलीप मला ओढतोय, वकील वैशालीला कलम सांगतायत, समोरच्या वहिनी हळद आणायला पळाल्या. शेवटी मी सायलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"सायली, तुझ्या आजोबांना आवाज ऐकव! आत्ता! सगळे!"

पोरगी हुशार. प्रश्न न विचारता तिने फाइली लावायला सुरुवात केली. घरभर माझ्या किंकाळ्या घुमल्या. हलका ठोसा, जोराचा ठोसा, होरपळणे. तात्या डोळे मिटून, तज्ज्ञाच्या गंभीरपणे ऐकत होते.

"हे मंगळवारचं," ते म्हणाले. "हे बुधवारचं... हे मी जेवत होतो तवाचं." मग त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे सर, तुमी मले हाका मारतच नव्हते?"

"नाही हो तात्या. तो 'ऊठ' म्हणतो."

"मी उठलोच ना! रोज झोपेतून उठलो!"

आधी सासरे हसले. मग दारातली अर्धी बिल्डिंग. हसली नाही ती फक्त वैशाली.

"चार दिवस," ती म्हणाली, "चार दिवस लोक माझ्याशी बोलत नाहीत, हे तुम्ही पाहत होते?"

"म्हणजे... तसं..."

"आणि शिरा खात होते?"

मी दाराकडे एक पाऊल टाकलं. आणि मग तो आवाज आला. शाळेच्या मैदानावरचा, माइक नको असलेला.

"उभे राहा तिथंच! एक पाऊल हललं तर बघा!"

मी थांबलो. सासरे थांबले. जिन्यातून खाली निघालेले लोक थांबले. तात्या तर सावधानमध्ये उभे राहिले. फोनमधून सायली कुजबुजली, "आई... हे परत एकदा म्हणशील? मी रेकॉर्ड करते."

त्या संध्याकाळी मी बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारात जाऊन वैशालीसमक्ष सांगितलं की मला कुणी मारत नाही. हे वाक्य बायको मागे उभी असताना कितीही ठामपणे म्हटलं तरी पटत नाही, हे मला सातव्या दारापर्यंत कळलं. वैशाली माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी मी स्वतः शिरा केला. तो इतका वाईट झाला होता की तो खाताना तिला हसू आलं, आणि तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

जूनमध्ये अमरावतीला सायलीच्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचे होते. आम्ही दोघं गेलो. तिने गेममध्ये एक नवीन पात्र घेतलं होतं, पांढऱ्या साडीतली मुख्याध्यापिका. ती "उभे राहा तिथंच!" म्हणाली की समोरचा पाच सेकंद जागचा हलत नाही. मग ती त्याला बडवते. समोर बहुतेक वेळा म्हातारा जपानी पैलवानच असायचा. पोरांची रांग लागली होती, आणि सगळ्यांना मुख्याध्यापिकाच हवी होती.

बाहेरून आलेले परीक्षकही खेळले. पैलवानाला त्यांनी तीन वेळा लोळवलं आणि मग कान देऊन ऐकत राहिले. "हा आवाज कुणाचा?"

सायलीने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी शर्ट नीट केला. आयुष्यात पहिल्यांदा कलावंत म्हणून माझी ओळख होत होती! परीक्षक उठून माझ्याजवळ आले, एकदा माझ्याकडे आणि एकदा शेजारी उभ्या वैशालीकडे पाहिलं, मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं,

"सर, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो हो! एकदम ठीक!" मी घाईघाईने म्हणालो. आणि हे म्हणण्याआधी मी एकदा वैशालीकडे बघून घेतलं ते परीक्षकांनी पाहिलं, तिथेच माझा सगळा अभिनय वाया गेला.