गोदाबाईंच्या मानेतली गाठ

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत चार घरच्या पोळ्या गोदाबाई करायच्या. लग्नानंतर परभणीकडून पुण्यात आल्या. पुढे नवरा गेला, पोळ्या राहिल्या. मानेला उजवीकडे गाठ आली, तेव्हा त्या पदर गळ्याभोवती गुंडाळून यायला लागल्या. काम जाईल, एवढीच त्यांची भीती.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियदर्शनी मॅडमना ती गाठ दिसलीच. मॅडम आयटीत, आणि मनाने मोठ्या. कॅन्सरच असणार म्हणून त्यांचा जीव कळवळला. गोदाबाईंना शहाळी मिळू लागली, खुर्चीवर बसून चहा मिळू लागला. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, अर्थात मोबाईलवरच. तपासणीलाही मॅडमनी स्वतःच्या गाडीतून नेलं.

"सुई लावली की गाठ पसरते म्हणतेत, ताई," गोदाबाई वाटेत म्हणाल्या.

"तसं काही नसतं, मावशी. डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा."

डॉक्टरांनी मान बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई बरोबर गाठीत घातली. खटकन आवाज झाला. सुईतून निघालेले बारीक तुकडे तपासायला गेले.

रिपोर्ट ऐकायलाही मॅडम सोबत होत्या. कॅन्सर नव्हता, टीबी होता.

"गोळ्यांनी बरा होईल," डॉक्टर म्हणाले. "छातीचा फोटो स्वच्छ आहे. हा मानेतल्या गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. कामावर जा खुशाल."

गोदाबाई आनंदाने रडल्या. मॅडमना मात्र एकाएकी ऑफिसचं काम आठवलं. गोदाबाई स्वारगेटहून बसने घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं दार अर्धंच उघडलं.

"मावशी, तुम्ही आता आराम करा. आमचा साई लहान आहे ना."

"पण ताई, लागत नाही म्हणून डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणले की."

"हो, पण रिस्क कशाला?"

संध्याकाळपर्यंत उरलेल्या तिन्ही घरांनाही त्यांच्या आरामाची काळजी लागली. एवढी शिकलेली माणसं, पण डॉक्टरांचं एक वाक्य कोणाच्या घशाखाली उतरलं नाही. मला त्यांचा संताप आला, अजून येतो.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, गाठ विरली. गोदाबाई धायरीत एका घरी काम मागायला गेल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. नव्या बाईंनी विचारलं, "इतके महिने काम का सोडलं होतं?"

गोदाबाईंनी क्षणभर विचार केला.

"कॅन्सर झाला होता, बाई. बरा झाला."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली आणि चहा टाकला.