गळ्यातला रुपया

“कंडक्टर घेत न्हाय, दुकानदार घेत न्हाय. सायेब, बँकेनं तरी घ्यावं की!”

मालनबाईंनी काउंटरवर रुपयाचं नाणं आपटलं. निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात त्या बांगड्या विकायच्या.

नाणं पाहून मी उडालोच. आकडा अर्धा कडेबाहेर, दुसरीकडे कोरी चंद्रकोर. टाकसाळीत ठसा मारताना नाणं सरकलं की असं होतं. याला एरर कॉइन म्हणतात. असं एखादंच बाजारात सुटतं, म्हणून जमवणारे त्याची मोठी किंमत देतात.

मला हा नाद होता. पुण्याच्या ओळखीच्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला, शेठना, फोन लावला. “दीड हजार देईन. मंगळवारी बारामतीत आहे, घेऊन या.”

मालनबाई खाली बसल्या. “रुपयाचं दीड हजार? गरिबाची चेष्टा करू नगा.”

त्यांच्या लेकीचा, संगीताचा, नर्सिंगला नंबर लागला होता. फीसाठी बोकड विकायचं चाललं होतं. माझी बी.कॉम.ची फी आईनं सोन्याच्या नाण्यांची, पुतळ्यांची माळ मोडून भरली होती. मीच जास्त हरखलो.

“मंगळवारपर्यंत जिवापाड जपा,” मी बजावलं.

“सोन्यावानी जपते.”

मंगळवारी रजा टाकून मायलेकींना एसटीनं बारामतीला नेलं. शेठ लॉजवर भिंग घेऊन बसले होते.

“काढा, बाई.”

मालनबाईंनी गळ्यातून काळा दोरा ओढला. टोकाला तो रुपया. लखलखीत. वरच्या बाजूला भोक पाडून त्यात पितळी कडी.

मी पुढं वाकलो. “हे... हे काय केलंत?”

“तुमीच म्हनला न्हवं, जपा म्हनून? पदराची गाठ सुटती, डब्यातलं चोरीला जातं. गळ्यातलं कुठं जातंय? सोनारानं उजळून बी दिलं.”

शेठनी भिंग खिशात ठेवलं. “भोक पडलं, पॉलिश झालं. आता कुणी काही देणार नाही.”

“म्हंजी?”

 संगीतानंच सांगितलं, “आये, म्हंजी आता बँक बी घेत न्हाय.”

“आन त्या मुडद्या सोनारानं पाच रुपयं घेतलं की!”

 परतीच्या गाडीत मला आईच्या पुतळ्या आठवत होत्या. त्याही दोऱ्यातच ओवलेल्या होत्या.

पुढच्या बाजारी बोकड विकला. फी भरली. संगीता नर्स झाली.

तेव्हापासून कुणी जुनं नाणं दाखवलं, की किंमत मी नंतर सांगतो. आधी सांगतो, सोनाराकडे जाऊ नका.