घारापुरीच्या पायऱ्या

सोसायटीची लिफ्ट बंद पडली. मुलगा म्हणाला, "बाबा, खुर्चीत बसा. आम्ही चौघं उचलून नेतो." आणि मला घारापुरीच्या पायऱ्या आठवल्या.

नव्वदच्या सुमारास आम्ही साताऱ्याहून नेरूळला नवे आलेलो. गुडघे दुखत असूनही आई बेटावरची लेणी बघायला निघाली. पायथ्याशी डोलीवाले म्हणाले, "आजी, खुर्चीत बसा, आमी चौघं नेतो."

"चौघांच्या खांद्यावरनं एकदाच जायचं असतंय," म्हणत ती चढू लागली. दर दहा पायऱ्यांनी थांबून तिखटमीठ लावलेली कैरी खायची. परतीची लाँच चुकेल म्हणून मी चिडलो होतो. वर लेण्यातल्या गार खांबाला पाठ टेकून तिनं विचारलं, "दमलास का रे?"

आता तेच गुडघे माझ्या वाट्याला आलेत.

"खुर्ची नुसती वर नेऊन ठेवा," मी मुलाला म्हणालो. "पोचलो की बसेन."