हळू सुरुवात

दुर्बीणकाकांना घरी काही वाईट सांगायचं असलं की ते आधी चहाची तारीफ करत. मग हवेबद्दल बोलत. मग नळ गळतोय का, असं विचारत. तिथपर्यंत येईतो काकू पदर खोचून कुठेतरी निघून गेलेल्या असत आणि काकांची बातमी काकांच्या तोंडातच राहायची.

ही खोड त्यांना कामावर लागली. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या, तर त्यांचे लोखंडी खांब तळात ठोकावे लागतात. तो आवाज पाण्यातून मैलोन्मैल जातो आणि डॉल्फिन बिचारा सगळं कानानंच बघतो. कान गेले की त्याचं जगणंच गेलं. म्हणून काका बोटीच्या टपावर दुर्बीण घेऊन उभे. हातोडा उचलण्याआधी सलग अर्धा तास पाणी बघायचं. डॉल्फिनचा एक पर जरी वर आला तरी काम बंद आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. काही दिसलं नाही तरीही एकदम घाव घालायचा नाही. वीस मिनिटं हलके हलके ठोके द्यायचे, म्हणजे नजरेतून सुटलेला कुणी असेल तर त्याला लांब जाता यावं. याला बोटीवर ‘हळू सुरुवात’ म्हणत. ठोकणाऱ्यांचा मुकादम यावर दातओठ खायचा. पण काका नियमाला इंचभर हलू देत नसत.

तोच नियम त्यांनी घरी आणला. बातमीचा हातोडा एकदम घालू नये, समोरच्याला सावरायला वेळ द्यावा, असा त्यांचा सद्हेतू. यातली मेख मात्र त्यांच्या कधी ध्यानात आली नाही. हळू सुरुवात असते ती ऐकणाऱ्यानं पळून जावं म्हणून! घरात ती अगदी चोख काम करत होती.

या खेपेची बातमी मोठी होती. पंधरा दिवस समुद्रावर, पंधरा दिवस घरी, असं एकतीस वर्षं चाललेलं. आधी मालवाहू बोटी, मग ही दुर्बीण. गेल्या वर्षी काकू एकदाच, भांडी पुसता पुसता म्हणाल्या होत्या की आता एकटीनं चहा प्यायचा कंटाळा आलाय. काकांनी तिथल्या तिथे शब्द दिला, हा हंगाम शेवटचा. काकूंनी त्यांच्यासाठी कपाटातला एक कप्पाही रिकामा केला. आणि आता काका पुढच्या दोन वर्षांच्या कागदावर सही ठोकून बसले होते.

त्यात चूक कचेरीतल्या मॅडमची. खांब ठोकून झाले म्हणजे तपासणी संपली असं नसतं, त्या म्हणाल्या. चक्क्या फिरायला लागल्यावर दोन वर्षं मोजायचं, की लांब गेलेले प्राणी परत येतात का. हे ऐकलं आणि काका विरघळले. ज्यांना आपण तीन वर्षं हाकललं ते परत येतात का, हे बघितल्याशिवाय घरी बसणं त्यांच्या जिवावर आलं. दुसरा पहारेकरी मिळाला की उरलेले खांब ठोकायला सोमवारी बोट सुटणार होती. एका माणसानं सलग दोन तासांहून जास्त पाणी बघायचं नाही असा नियम, म्हणून जोडीदार हवाच.

तर सोमवारच्या आत सांगायचं होतं. गुरुवारी काकांनी चहा फर्मास झाल्याचं जाहीर केलं. काकू कप तसाच ठेवून शेजारच्या वहिनींकडे गेल्या त्या दुपारी उगवल्या. शुक्रवारी ते हवेपर्यंत पोचले, तर काकू पिशवी घेऊन पुन्हा वहिनींकडे. शनिवारी नळाची पाळी आली, आणि बरोबर तेव्हा दाराची घंटी वाजली. दारात विजेचं मीटर वाचणारा. तो गेल्यावर काकांनी सवयीनं घड्याळ शून्यावर आणून पुन्हा चहापासून सुरुवात केली, पण तोवर काकू चपला घालून पसार. वहिनींकडे एवढं काय शिजतंय, या विचारानं काका कावले. मनातून घाबरलेही. तिला सगळं कळलंय आणि ती तोंड बघायला तयार नाही, अशी त्यांची खात्रीच पटली.

रविवारी सकाळी काका कप पुढे ओढून म्हणाले, “अगं, चहा आज...”

“अहो, पुरे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही सही केलीय. उद्याची बोट आहे. मॅडमचा फोन घरीच आला होता, बुटांचं माप विचारायला.”

घाव एकदमच पडला होता, वीस मिनिटं नाहीत की काही नाहीत. आपण शब्द मोडला, चुकलं आपलं, एवढं ते कसंबसं बोलले. लाजेनं त्यांचे कान तापले होते.

काकूंनी पिशवीतून नवे कोरे बूट काढून टेबलावर ठेवले. काकांनी बूट उलटा करून तळ बघितला. पाच नंबर. काकांचा नऊ.

तीन दिवस काकू वहिनींकडे नव्हत्याच. कचेरीत पहारेकऱ्यांचा वर्ग चालू होता, तिथे पहिल्या बाकावर होत्या. मॅडमनं अनुभव विचारला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातली एकतीस कॅलेंडरं पुढे मांडली. त्यांत काका गेले त्या तारखेला फुली आणि आले त्या तारखेला गोल, एकही दिवस सुटलेला नाही.

“लांब गेलेला परत येतो का, हेच बघायचंय ना तुम्हाला?” काकू म्हणाल्या. “मी दुसरं काय केलंय इतकी वर्षं? आणि एकदा मला बघू द्या तरी, मला सोडून बघण्यासारखं तिथे काय आहे ते.”

काकांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

सोमवारी दोघं टपावर उभे राहिले. शेवटचे दोन खांब बाकी होते. अठ्ठावीस मिनिटं पाणी रिकामं. खाली मुकादमानं हातमोजे चढवले. एकोणतिसाव्या मिनिटाला काकूंनी हात वर केला. काकांना काही दिसेना. त्यांनी दुर्बीण लावली, काच पुसली, परत लावली. होता एक डॉल्फिन, उजवीकडे लांबवर, एकटाच, आरामात वळसा घालत. मुकादमानं टोपी काढून डेकवर आपटली आणि आता घरचीच माणसं भरा बोटीवर, असं काहीतरी पुटपुटला.

काकूंनी नोंद केली, वेळ लिहिली, सवयीनं तारखेभोवती गोल काढला. मग थर्मास उघडून दोन कप भरले.

“बसा,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.”