बाबा, नापास व्हा

दवाखान्याच्या बाकावर बाबांच्या शर्टाची चुकलेली बटणं नीट लावत मी मनात एकच घोकत होते. बाबा, आज एवढी कृपा करा आणि नापास व्हा.

बाबा छापखान्यात जुळारी होते. चाळीस वर्षं शिशाचा एकेक खिळा उचलून त्यांनी सामान्यज्ञानाच्या पुस्तिका जुळवल्या. प्रश्न, खाली चार पर्याय, शेवटच्या पानावर उत्तरं. जुळवता जुळवता सगळं त्यांच्या डोक्यातच जाऊन बसलं. गल्लीत त्यांचं नाव 'राजधानी'. येता-जाता कुणीही देशाचं नाव फेकावं, बाबांनी राजधानी सांगून मोकळं व्हावं. मला केवढा तोरा होता त्याचा!

आता त्याच माणसाला संडास कुठे आहे ते दाखवावं लागतं. महिन्याभरात दोनदा गॅस उघडा ठेवला, एकदा अनवाणी थेट स्टेशनपर्यंत गेले. मी शिवणाच्या कारखान्यात. आणखी एक खाडा झाला तर तुझं मशीन दुसरीला, असं मालकीणबाईंनी तोंडावर सांगितलंय. अशा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारी एक जागा आहे, पण तिथे डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीवाचून आमचं सगळं अडलं होतं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी तारीख विचारली. समोर रोज पान फाडायचं हे एवढं थोरलं कॅलेंडर! बाबांनी वाचून दाखवली.

"काय करायचात, आजोबा?"

"जुळारी. सामान्यज्ञान."

झालं! डॉक्टरांना चेवच चढला.

"मंगोलियाची राजधानी?"

"उलानबातर."

"सगळ्यात खोल सरोवर?"

"बैकल."

"सोन्याचा अणुक्रमांक?"

"एकोणऐंशी."

"अहो, सकाळी काय खाल्लं ते विचारा ना!" मी कळवळून म्हटलं.

"हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे," बाबा म्हणाले. डॉक्टर खो-खो हसले.

माझं डोकंच फिरलं. "मग मी कोण, ते विचारा!"

बाबांनी मला नीट न्याहाळलं. "पर्याय द्या."

"मुलगी, सून, शेजारीण, नर्स." चुकले तर चिठ्ठी मिळणार होती. तरी मेलं मन म्हणत होतं, बरोबर सांगा हो बाबा.

त्यांनी बराच विचार केला. "यापैकी नाही."

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "वा! काय मिश्कील आहेत! ताई, उगाच घाबरताय तुम्ही. यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा पक्की आहे. चिठ्ठीबिठ्ठी काही नको." मी पाया पडायचीच बाकी राहिले होते. तोवर पुढचा पेशंट आत आला.

बाहेर येताच बाबा पुन्हा बाकावर बसले. मी त्यांचा हात धरून उठवायला गेले, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"बाई, तुम्ही निघा. तुमचा खोळंबा नको," ते अगदी अदबीनं म्हणाले. "माझी मुलगी कारखान्यातून सुटली की येईल मला न्यायला. ती आल्याशिवाय मी हलणार नाही."

काय करणार! मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.